स्टार ट्रॅकर, सात महिने वापरल्यावर: मशीन झकास, स्क्रू नालायक

स्टार ट्रॅकर म्हणजे पृथ्वी फिरते तसा कॅमेरा ताऱ्यांमागे हळूहळू फिरवणारी मोटरची पेटी, आणि वेज म्हणजे तिला ट्रायपॉडवर ध्रुवाकडे तिरकं धरून ठेवणारा भाग. आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. ज्यांच्याकडे हा ट्रॅकर आहे त्यांना 'वेजचा डावीकडचा काळा स्क्रू' एवढं म्हटलं तरी कळेल. ज्यांच्याकडे नाही त्यांनी कुठल्याही कंपनीचा ट्रॅकर घेताना तो स्क्रू दुकानातच दहा वेळा आवळून-सोडून बघावा. वजन किती पेलतो, बॅटरी किती तास पुरते, ॲप कसं आहे, हे सगळं विक्रीच्या पानावर आहेच. ते परत लिहीत बसत नाही.

यातला निम्मा मजकूर मी फेब्रुवारीत लिहून ठेवला होता आणि त्यात पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. तो भाग तसाच ठेवतोय, कारण त्यातलं बरंचसं आजही खरं आहे. डोकं फिरलं ते त्यानंतर.

फेब्रुवारीत लिहिलेलं

हे खूळ शिरलं धूमकेतूमुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-ॲटलास संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. कोल्हापुरातून गगनबावडा रस्त्याला लागून, एका उसाच्या फडाशेजारी ट्रायपॉड लावला. कॅनन २००डी आणि पन्नास मिमीची स्वस्तातली लेन्स. दहा सेकंद एक्स्पोजर दिलं तर धूमकेतू उजळ, पण मागचे तारे सगळे जिऱ्यासारखे लांबुळके. दोन सेकंद दिलं तर तारे गोल, पण शेपूट गायब.

घरी येऊन हिशोब केला. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ३.७ मायक्रॉनचा. पन्नासच्या लेन्सवर त्यात आकाशाचे १५ विकला मावतात (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). आणि पृथ्वी फिरते म्हणून विषुववृत्ताजवळचा तारा सरकतो सेकंदाला १५ विकला. म्हणजे सेकंदाला बरोब्बर एक पिक्सेल. तारे न ताणता किती सेकंद एक्स्पोजर देता येईल यासाठी लोक तो ५०० चा नियम सांगतात, ५०० भागिले लेन्सची लांबी, भागिले क्रॉप फॅक्टर (सेन्सर लहान असल्याचा आकडा, माझ्या कॅमेऱ्याला १.६). त्याने मला सव्वासहा सेकंद मिळायला हवेत. मिळतात, पण फोटो मोबाइलवरच बघायचा असेल तर. मोठा करून बघितला की सहा पिक्सेलची रेघ दिसायची ती दिसतेच.

मग ट्रॅकर घेतला. वेजसकट बत्तीस हजार. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाने रात्री आभाळ बघायला बत्तीस हजार घालवणं हे घरी कसं सांगितलं, तो वेगळा विषय. बायकोचं म्हणणं एवढंच होतं, "गच्चीवर फुकट दिसतात की."

पहिली रात्र ३० डिसेंबरची. कालनिर्णयात बघून अमावास्या धरली तर ती नेमकी सोमवती निघाली. आई म्हणाली, "सोमवतीला माणसं जेजुरीला जातात, आणि तू काळी पेटी घेऊन घाटाच्या तोंडाला बसणार?" बसलो. गगनबावड्याच्या अलीकडे एका ओळखीच्याच्या शेतातल्या खळ्यावर. बांधावरून जाणारा एक म्हातारा थांबला, तिपाईकडे बघितलं आणि विचारलं, "मोजणी हाय काय रस्त्याची?" नाही म्हटल्यावर तो निवांत झाला आणि विडी पेटवून शेजारी बसला. पंधरा मिनिटांनी उठताना म्हणाला, "गवं येत्यात ह्या अंगानं. दिवा लावून ठेवा." दिवा लावला तर फोटो जातो, नाही लावला तर गवा येतो. मी लाल दिवा लावून गाडीला पाठ टेकून बसलो.

आता ध्रुव. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे नीट लावला नाही तर बाकी सगळं फुकट. आपल्याकडे हे काम एका बाजूने सोपं आणि दुसऱ्या बाजूने वैताग. ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो जेवढा आपला अक्षांश, म्हणजे गगनबावड्यात साडेसोळा अंश. लंडनवाल्याला तो साडेएकावन्न अंशांवर मिळतो. त्याला खाली वाकून, मान मोडून ध्रुव-दुर्बिणीत (ट्रॅकरमधल्या, ध्रुव धरायच्या छोट्या दुर्बिणीत) बघावं लागतं. आपला अक्ष जवळजवळ आडवाच असतो, त्यामुळे आरामात उभं राहून बघता येतं. हे मला आवडलं. पण साडेसोळा अंशांवर धुरकं असतं, झाडं असतात, समोरच्या टेकडीची सोंड असते. घरच्या गच्चीवरून तर ध्रुव शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीच्या मागे राहतो. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी वर आलेले नसतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या आधाराने ध्रुव हुडकायचा. आणि ध्रुवबाळाच्या अढळपदाचं म्हणाल तर तोही खऱ्या उत्तर बिंदूपासून अर्ध्या अंशाहून जरा जास्त हटून बसलाय, पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा जास्त. दुर्बिणीतल्या वर्तुळावर तो ॲप सांगेल त्या जागी ठेवायचा, मधोमध नाही. पहिल्या रात्री मी मधोमधच ठेवला होता.

तरीही रात्री साडेअकराच्या सुमारास मृग जवळजवळ डोक्यावर असताना एक मिनिटाचा फोटो काढला, स्क्रीनवर मोठा केला, आणि तिकांड्याचे, म्हणजे मृगाच्या पट्ट्यातले, तिन्ही तारे ठिपके होते. जिरे नाहीत, ठिपके. खळ्यावर एकटाच "आयला" म्हणून ओरडलो. पाच तारे तिथेच दिले.

एडिटिंग मात्र सुरुवातीला जमलं नाही. पहिला फोटो बघून बायको म्हणाली, "जांभळाचं सरबत सांडलंय." बरोबर होतं तिचं. मी एकच फोटो घेऊन सॅच्युरेशन ओढत होतो. खरं काम वेगळंच असतं. एकसारखे साठ फोटो काढायचे आणि एकावर एक बसवून सरासरी घ्यायची. खरा प्रकाश प्रत्येक फोटोत असतो, खरखर (नॉइज) प्रत्येक फोटोत वेगळी असते, म्हणून सरासरीत ती विरते. पण विरते वर्गमुळाच्या हिशोबाने. खरखर निम्मी करायची तर फोटो चौपट लागतात. सोळावरून चौसष्टवर गेलो तेव्हा फरक दिसला. चौसष्टवरून ऐंशीवर गेलो तेव्हा फक्त थंडी वाजली.

सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातच सगळं होतं. (त्याआधी सिक्वेटर वापरलं. तेही फुकट, सोपं, पण पुढे पुरत नाही.) एक गोष्ट कुणी सांगत नाही. साठ रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइल्स) घातल्या की सिरिल त्यांच्या मोठ्या प्रती करतं. चोवीस मेगापिक्सेलचा एक रंगीत फोटो ३२ बिटमध्ये सुमारे २९० एमबी. साठांचे सतरा जीबी, आणि अशा दोन-तीन पिढ्या डिस्कवर साठतात. माझ्या लॅपटॉपवर मुलाचे बारशाचे व्हिडिओ होते. डिस्क भरली, सगळं अडकलं, आणि रात्री दोन वाजता मी बारसं पेनड्राइव्हवर हलवत बसलो. सेटिंगमध्ये १६ बिट केलं की जागा निम्मी लागते. आधी ते करा.

मग डार्क आणि फ्लॅट. डार्क म्हणजे लेन्सला टोपण घालून तेवढ्याच वेळाचे फोटो, त्याच थंडीत. ते मी चहा पिताना काढतो. फ्लॅट म्हणजे लेन्सवर पांढरा बनियन ताणून लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर काढलेले. कोपऱ्यातला अंधार आणि सेन्सरवरची धूळ त्याने जाते. बनियन धुतलेला असावा, अनुभवाने सांगतो.

सगळ्यात शिकण्यासारखं होतं ते स्ट्रेच. साठांची सरासरी उघडली की स्क्रीन काळी ठिक्कर, चार-दोन तारे तेवढे. पहिल्यांदा वाटलं सगळं वाया गेलं. सगळा माल हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) डाव्या टोकाला गवताच्या काडीएवढ्या रेघेत दबलेला असतो. ती रेघ हळूहळू उजवीकडे पसरायची. त्याआधी पार्श्वभूमी सपाट करून घ्यायची, कारण कोल्हापूरचा उजेड पूर्वेकडून फोटोच्या एका कडेला पिवळा चढलेला असतो. हा क्रम उलटा केला की सरबत होतं. जानेवारीच्या अमावास्येचे फोटो याच क्रमाने केले आणि कृत्तिकांभोवती निळसर धूर दिसला. फार नाही, तवा उतरवल्यावर राहतो तेवढा. पण खरा.

तारे फोटोत किती वेळा पुसून परत आणावेत, रंग किती भरावा, यावर या छंदातल्या लोकांत भांडणं होतात. मला विचाराल तर पार्श्वभूमी कधीही काळी कुळकुळीत करू नये. आभाळ काळं नसतं.

इथवर फेब्रुवारी. खाली 'डोळे झाकून घ्या' असंही लिहिलं होतं, ते खोडलं.

नंतरचं

फेब्रुवारीच्या शेवटी मित्राने चोरबाजारातून जुनी पेंटॅकॉन १३५ मिमी एफ/२.८ आणून दिली, अडीच हजारात. आटे फिरवून बसवायची लेन्स. तिच्या आट्यांच्या मापाचं नाव एम ४२, आणि मृगाच्या तलवारीतल्या तेजोमेघाचा क्रमांकही एम ४२. हा योगायोग मी ऑफिसात तिघांना सांगितला, एकालाही गंमत वाटली नाही.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, परत त्याच खळ्यावर. लेन्स धातूची, जड. कॅमेरा धरून किलोच्या आसपास वजन आणि तेही पुढे आलेलं. आठ ते साडेनऊ साठ फोटो काढले. घरी सिरिलने ताऱ्यांच्या गोलाईचा आलेख काढला तर तो जिन्यासारखा. दहा फोटो ठीक, मग खड्डा, मग परत ठीक, मग खड्डा. साठातले बावीस कामाचे निघाले.

आधी स्वतःला शिव्या घातल्या. मग ट्रॅकरच्या गिअरला. गिअरची चूक असतेच, सगळ्या ट्रॅकरला असते, पण ती ठरावीक वेळाने फिरून येते आणि तारे पूर्व-पश्चिम ताणते. माझे तारे दक्षिणोत्तर ताणलेले होते. मृग जवळजवळ डोक्यावर असताना दक्षिणोत्तर ताण येतो म्हणजे अक्षाचं नाक खाली झुकतंय. नाक कोण धरून ठेवतं? वेज. वेजला कोण? तो डावीकडचा काळा स्क्रू.

इथे जरा थांबून या स्क्रूबद्दल बोलतो, कारण माझ्या मते या संपूर्ण मशीनचा कस तिथे लागतो. ट्रॅकर पन्नास अंशांवर उभा असला की वजन बरंचसं खाली बुडावर येतं. आपल्याकडे साडेसोळा अंशांवर तो जवळजवळ आडवा पडतो आणि सगळा भार कोपरावर येतो. हात पुढे करून कळशी धरण्यात आणि कळशी अंगाशी धरण्यात जो फरक, तोच. माहितीपुस्तिकेतल्या प्रत्येक चित्रात ट्रॅकर ऐटीत आभाळाकडे बघतोय. कोल्हापूरच काय, नागपूरसुद्धा त्यांच्या डोक्यात नव्हतं. बरं, एवढा भार ज्याच्यावर, त्या स्क्रूचं डोकं प्लास्टिकचं, सुपारीएवढं. थंडीत बोटांनी आवळला तर निम्मासुद्धा आवळत नाही. वर दव पडलं की बोटं निसटतात.

मी पकडीने आवळला. हो, चूक माझी. कर्र झालं, आणि स्क्रू नुसता गोल फिरायला लागला. आटे गेले.

मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला फोन. वॉरंटी अकरा महिने शिल्लक होती तेव्हा. "फोटो पाठवा." पाठवले. दोन दिवसांनी, "सर, पकडीच्या खुणा दिसतायत, हे फिजिकल डॅमेजमध्ये येतं." म्हटलं, मान्य, पण हाताने आवळून धरला असता तर मी पकड कशाला घेतली असती? "सर, ते डिझाइनचं आहे, आमच्याकडे फक्त सर्व्हिस." मग नुसता स्क्रू द्या. "सुटा येत नाही सर, पूर्ण वेज घ्यावा लागेल." किती? सहा हजार आठशे, कर वेगळा, सहा ते आठ आठवडे. एका स्क्रूचे सहा हजार आठशे! मी पतसंस्थेत थकबाकीदारांशी बोलतो, आवाज चढवायची सवय नाही, पण त्या दिवशी चढला. पलीकडच्या मुलीने शांतपणे तक्रार क्रमांक दिला. मार्चभर त्या क्रमांकाला 'आम्ही तपासत आहोत' असे पाच मेल आले. सहाव्यात तक्रार 'समाधानकारकरीत्या बंद' झाल्याचं कळलं. समाधान कुणाचं ते लिहिलं नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशीची अमावास्याही अशीच गेली.

मग सुचलं की आपण कोल्हापुरात राहतो. उद्यमनगरात लेथवर हयात गेलेली माणसं पावलापावलावर आहेत आणि मी मुंबईला मेल लिहीत बसलोय. एका शनिवारी वेज पिशवीत घालून निघालो. साठीतले एक टर्नरमामा, गळ्यात चष्मा. त्यांनी वेज हातात घेऊन उलटापालटा केला.

"काय हो हे? लिंबू पिळायचं?"

ताऱ्यांचे फोटो काढायचं, म्हटलं. ते काही बोलले नाहीत. भोकात बोट घालून फिरवलं.

"अॅल्युमिनियमात डायरेक आटं पाडल्यात. आन् बोल्ट लोखंडी. टिकतंय व्हय हे? आमच्याकडं पोरगं असलं काम करून आलं तर घरी पाठवतो त्याला."

माझी महिनाभराची चिडचिड त्या एका वाक्याने उतरली. त्यांनी भोक मोठं केलं, पितळेचा बुश (पोकळ नळी) कातून आत बसवला, त्यात टॅप मारून नवे आटे पाडले, मध्ये तांब्याचं वायसर घातलं. बोल्टचं प्लास्टिकचं डोकं कापून टाकलं आणि त्याला आडवी टॉमी (फिरवायची दांडी) घालून दिली, बोटभर लांब. आता दोन बोटांनी आवळलं तरी हलत नाही. पाऊण तास लागला. त्यात मधे चहा झाला, आणि चंद्रावर खरंच माणूस गेला होता का यावर मला बरंच बोलावं लागलं.

एकशेऐंशी रुपये. मी दोनशे दिले, त्यांनी वीस परत केले.

एप्रिलच्या अमावास्येला कसोटी होती. मध्यरात्रीनंतर वृश्चिक चांगला वर आला. पावणेतीनच्या सुमारास ज्येष्ठा दक्षिणेला सर्वात वर असते, तिच्या मागेपुढे दीड तास धरून साठ-साठ सेकंदांचे नव्वद फोटो काढले, त्याच १३५ च्या लेन्सने. ध्रुव त्या रात्री धुरक्यात होता, त्याला वाट बघून बघून धरला. आलेख सपाट! नव्वदातले एक्याऐंशी कामाचे. उपग्रहांच्या रेघा सात-आठ फोटोंत होत्या. त्यांची काळजी करू नका, फोटो भरपूर असले की सिरिल बाकीच्यांशी न जुळणारा पिक्सेल टाकून देतं. ज्येष्ठेभोवतीचा पिवळा ढग आला, शेजारचा तारकागुच्छ दाण्यादाण्याने सुटा झाला, आणि काळ्या धुळीच्या नद्या आकाशगंगेकडे जाताना दिसल्या. तांबडा रंग मात्र हवा तेवढा नाही. हायड्रोजनचा तांबडा ६५६.३ नॅनोमीटरला असतो आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्याचा बराचसा भाग अडवतो. तो फिल्टर काढून घेता येतो. माझा काढणार नाही, त्याच कॅमेऱ्याने पोराचं गॅदरिंगही काढायचं असतं.

त्या फोटोची ए-४ प्रिंट काढून मामांना नेऊन दिली. त्यांनी ती लेथच्या वर, देवाच्या कॅलेंडरशेजारी टाचली. परवा गेलो तर गिऱ्हाइकाला सांगत होते, "ह्यातला बुश आपला हाय."

दवाबद्दल फेब्रुवारीत दोन परिच्छेद लिहिले होते, ते काढून टाकले. थोडक्यात, पंधराशेचा हीटर पट्टा घेण्याआधी लेन्सला जुना लोकरी मोजा कापून गुंडाळून बघा. डिसेंबरात मला तेवढ्याने भागलं. घाटातलं धुकं आलं तर दोन्ही उपयोगाचे नाहीत, सरळ घरी जावं.

मेची अमावास्या पावसाने नेली. यंदा तो मेअखेरीसच येऊन बसला. आता ट्रॅकर, पेंटॅकॉन आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात आहेत, कारण कोल्हापूरच्या पावसात लेन्सला बुरशी चढायला एक श्रावण पुरतो. रोज रात्री जुनेच फोटो काढून परत स्ट्रेच करतो. डिसेंबरातलं सरबतसुद्धा परत केलं. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "हां, आता बरं." एवढी दाद सात महिन्यांत पहिली.

पुढची खरी आशा २१ सप्टेंबरची, पाऊस उघडला तर. ती सर्वपित्री आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

तर गुण. मोटर आणि गिअरला साडेचार. ध्रुव-दुर्बिणीला चार. वेजला मूळ रूपात दीड, बुश बसवल्यावर साडेचार. सर्व्हिसला शून्य द्यायची सोय नाही म्हणून एक. घ्यावा का? घ्या, पण पैसे जमत असतील तर वेज वेगळा आणि दणकट घ्या. नसतील तर गावातला लेथ शोधा. हाच वेज असलेल्यांसाठी माप देतो, आटे जायची वाट बघू नका: पितळी बुश बाहेरून १२ मिमी, आतून एम ८, लांबी १५ मिमी, आणि टॉमी डाव्या अंगाला येईल अशी बसवा, नाहीतर ट्रायपॉडच्या हँडलला अडकते. माझी पहिल्यांदा अडकली होती. मामांनी परत कातून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत.